प्रकल्प चालू आहे

माझे काका भट्टीवाले. म्हणजे शहराच्या कडेला कचरा जाळून वीज करायचा जो सरकारी प्रकल्प आहे ना, तिथल्या भट्टीवर त्यांची ड्युटी. भट्टी पेटत नाही एवढं सोडलं तर नोकरी उत्तम आहे.

पेटणार तरी कशी? कचरा येतो तो ओलागच्च. देठं, सालं, उष्टं, चहाचा चोथा, सगळा नुसता लगदा. लोक बिचारे घरी ओला-सुका वेगळा करतात आणि गाडीवाला दोन्ही एकत्र ओतून मोकळा होतो. कंपनी म्हणते, सुका कचरा देणं ही नगरपालिकेची जबाबदारी. नगरपालिका म्हणते, येईल तो जाळणं ही कंपनीची जबाबदारी. सरकार म्हणतं, आम्ही पैसे दिले, आमची जबाबदारी संपली. पैसे मात्र न चुकता येतात. कारण रोज संध्याकाळी काका वर फोन करून एकच शब्द सांगतात, “चालू.” तिकडून कोणीतरी “बरं” म्हणतं आणि फोन ठेवतं.

आमच्या काकूच्या तोंडी मात्र चालू ही शिवी आहे. मापात मारणारा दुकानदार चालू, उसनी साखर विसरणारी शेजारीण चालू. मीही अधूनमधून चालू ठरते. कचऱ्याच्या बाबतीत तर ती अख्ख्या गल्लीची फौजदार. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळवते आणि मगच सुक्याच्या डब्यात टाकते. “आमचे हे भट्टीवर असतात,” असं ती बायकांना सुनावते, “तुमच्या ओल्या सालींनी त्यांची आग विझते.” अशा वेळी काका पेपरात तोंड खुपसून बसतात.

मी एकदा म्हटलं, “काका, सांगून टाका ना तिला खरं काय ते.”

“आणि घरात राहू कोणत्या तोंडानं?” काका म्हणाले. “माझं काम खरं वाटणारी जगात ही एवढी एकच बाई आहे.”

मग दुसऱ्या भट्टीची टूम निघाली. पहिली पेटत नाही म्हणून शेजारी दुसरी बांधायची, हे सुचायला बराच मोठा पगार लागत असावा. पैसे मंजूर करण्याआधी बडे साहेब पाहणीला येणार होते. त्याच कार्यक्रमात एका आदर्श गृहिणीचा सत्कार ठेवावा, अशी मॅनेजरला हुक्की आली. वॉर्डातून नाव गेलं काकूचं. ती हरखून गेली आणि काकांची झोप उडाली.

आता आग दिसायलाच हवी होती. साहेबांचं एक वेळ ठीक, ते काय, धुरावरही खूश झाले असते. काकूला दिसायला हवी होती. काका डिझेल मागायला गेले तर मॅनेजर म्हणाला, “बघा तुम्हीच काहीतरी. भट्टी तुमची जबाबदारी आहे.” एवढी वर्षं कोणाच्या दारात उभी न राहिलेली जबाबदारी अशी फिरत फिरत काकांच्या गळ्यात पडली. त्यांनी मोडक्या खुर्च्या टाकून बघितल्या, खोकी टाकली. नुसतं धुमसत राहिलं. खडखडीत वाळलेलं लाकूड हवं होतं, आणि ते कुठे आहे हे काकांना माहीत होतं.

पाहणीच्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून आली, तिच्याबरोबर मीही गेले. साहेबांनी भट्टीच्या जाड काचेतून आत बघितलं, मान डोलावली, फोटो काढून घेतला. मग काकूला पुढे केलं. ती वाकली. तिच्या तोंडावर लाल उजेड पडला आणि ती तशीच राहिली. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. आत आमचा पाळणा जळत होता. काकूच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेला, दांडीवर लाकडी चिमण्या बसवलेला. त्यात माझी चुलतबहीण झोपली, मी झोपले. बहिणीला दिवस गेल्यापासून काकू रोज म्हणत होती, माळ्यावरून तो पाळणा काढा, पुसून ठेवू. आणि काका म्हणत होते, काढतो, काढतो. त्यांनी काढला होता. एक चिमणी अजून पेटायची होती.

“मग ताई, कसा वाटला प्रकल्प?” साहेबांनी विचारलं.

काकू सरळ उभी राहिली. तिनं काकांकडे बघितलं.

“चालू आहे,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. साहेबांनी माईकवर तेच वाक्य जोरात सांगितलं. एकट्या काकांची मान खाली गेली. दुसऱ्या भट्टीचे पैसे तिथल्या तिथे जाहीर झाले.

घरी आल्यावर काकूनं कपडेसुद्धा बदलले नाहीत. दोरीवरच्या पिशव्या खसाखसा ओढल्या, ओल्याच्या डब्यात कोंबल्या, सुक्याचा डबाही त्यातच उपडा केला आणि तो डबा काकांच्या पायाशी आणून ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता हे पेटवून दाखवा.”