जाड मुठीचं सोलाणं

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई म्हणायची. माझी मूठ मिटायचीच बंद झाली, तेव्हा ही म्हण मला फार लागली. सकाळी बोटं इतकी आखडलेली असत की सांडशीला दोन्ही हात लावल्याशिवाय चहाचं पातेलं उतरत नसे. साठीनंतर वाताचं दुखणं कोणालाही होतं, हे कळत होतं. पण घरच्या लग्नांचे स्वयंपाक एकटीने उरकल्याच्या बढाया मीच मारलेल्या होत्या. आता साधं झाकण फिरत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटायची, दुखण्यापेक्षा जास्त.

मुलगा आणि सून दोघंही हडपसरच्या कंपनीत. वारज्याहून सकाळी निघत, ते दिवेलागणीनंतर परतत. दिवसभर घरात मी आणि घट्ट झाकणांच्या बरण्या. मग मी एक युक्ती काढली. लोणच्याची बरणी घेऊन वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायचं आणि थोडं लोणचं घ्या म्हणायचं. वाटी आणते म्हणत त्या बरणीही आत न्यायच्या आणि उघडून परत आणायच्या. त्यांना लोणचं मिळायचं, माझं झाकण निघायचं. वर त्या मला सढळ हाताची म्हणायच्या. माझ्यापेक्षा मोठ्या असून त्यांच्या मनगटात एवढा जोर, याचा मला हेवा वाटे.

एक दिवस मात्र त्यांनी दारातूनच, "लोणचं आहे आमच्याकडे," म्हणून दार लावून घेतलं. माझा डाव त्यांनी ओळखला, असंच मी धरून चालले. तेव्हापासून जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी बाहेर पडत नसे.

सुनेने माझे हात कधी पाहिले कोण जाणे. कंपनीच्या कामाला परदेशी गेली होती, तिथून बटाट्याची सालं काढायचं एक सोलाणं घेऊन आली. त्याला सायकलच्या हँडलसारखी जाड रबरी मूठ होती. काही न बोलता तिने ते खणात ठेवलं. मूठ मिटली नाही तरी ते हातात नीट बसायचं. मी ते रोज वापरायचे आणि कोणी आलं की तांदळाच्या डब्यामागे लपवायचे.

पुढे तसलीच सोलाणी इथल्या बाजारात आली आणि सुनेने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीच वाण म्हणून आणली. मी भडकले. वाट्या लुटा, डबे लुटा, माझं अधूपण कशाला लुटता, असं तिला बोलले. तिने ऐकून घेतलं.

"आई, बारीक दांड्याचीही होती तिथे. तसलं एखादं तुम्ही धरून दाखवा, सगळी बदलून आणते."

मी सोलाणी ताटात मांडायला घेतली.

हळदीकुंकवाला काकू आल्या. त्यांच्या हातात वाण देताना माझे कान तापले होते. त्यांनी सोलाणं उलटसुलट केलं, मूठ आवळून पाहिली. आता काहीतरी खोचक येणार म्हणून मी फरशीकडे बघत राहिले. त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"तुमची बरणी मी कधीच उघडली नाही हो. आत नेऊन ह्यांच्याकडून उघडून घ्यायचे. मग ह्यांचेही हात गेले. त्या दिवशी तुम्हाला दारातून परत लावलं, ते म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला ओळखलं म्हणून मी तोंड लपवत होते, आणि त्या दाराआड त्याच लाजेने उभ्या होत्या. त्यांची बोटं रबरी मुठीवर होती, अर्धवट वळलेली, थेट माझ्यासारखी.

मी स्वयंपाकघरात गेले, तांदळाच्या डब्यामागचं सोलाणं काढलं आणि बाहेर येऊन सगळ्या बायकांदेखत त्यांच्यापुढे धरलं. मूठ वापरून काळी पडली होती.

"हे माझं," मी म्हटलं.