जिल्ह्याच्या संघातली पोरगी

नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या घराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कचेऱ्या लातूरला आल्या काय अन् उस्मानाबादला राहिल्या काय, आम्हाला जळकोटच्या पलीकडं जायचं कामच कुठं पडायचं? पण थोरल्या लेकीच्या शाळेतले खेळाचे सर एका सांजेला दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता जिल्हा आपला हाय. मुलींचा खो-खोचा संघ बी आपलाच जाणार. तुमची पोरगी त्यात बसती, लिहून घ्या. तिला जरा दूध, अंडी देत जा."

पाऊस दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवून गेलेला, दारातली शेळीसुद्धा विकून झालेली, अन् हा भला माणूस दूध-अंडी द्या म्हणतोय.

पोरगी खेळायची मात्र लई भारी. पाटीवरून उठली की समोरची कितीही हुलकावणी देवो, अंग झोकून टिपायचीच. गुडघे कायम सोललेले. सकाळी सराव, शाळा सुटली की परत सराव. मैदान काळ्या मातीचं, भेगा पडलेलं. सर भेगांत मुरूम टाकून घ्यायचे अन् तो बसावा म्हणून प्रत्येकीला घरून एक कळशी पाणी आणायला लावायचे. त्यावरून आमच्याकडं रोज वाजायचं. हे म्हणायचे, "हितं माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी मैदानाला पाजायला लागलात." मी म्हणायची, "तुमच्या वाटचं नेत न्हाई ती. गप बसा."

पण त्यांचं काही खोटं नव्हतं. आम्ही दोघं दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायला. घरात सासूबाई, अर्ध्या अंगावरून वारं गेलेल्या, सगळं अंथरुणातच. त्यांना रोज धुवावं लागायचं. एक दिवस जरी चुकला तरी पाठीच्या जखमा चिघळायच्या. आमच्या बौद्धवस्तीतला आड तर कधीच आटला होता.

पाणी मिळत होतं ते खेळामुळंच. थोरलीच्या शेजारच्या पाटीवर बसणाऱ्या पोरीच्या मळ्यातली विहीर अजून टिकून होती. त्या पोरीनं आईच्या मागं लागून आम्हाला दोन घागरी अन् एक कळशी मिळवून दिली. सराव झाला की थोरली तिकडूनच पाणी घेऊन यायची. तिनं पोहऱ्याला हात लावायचा नाही, घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, गडी वरून ओतणार. त्याच घरची पोरगी मैदानावर हिच्या पाठीवर थाप मारून खो द्यायची. मला संताप यायचा, पण म्हातारीच्या जखमा बघितल्या की मी मूग गिळून गप्प बसायची.

मग निवड झाली. आमची संघात, मळेवाल्यांची राखीव खेळाडू. सामन्याआधी लातूरला शिबिर होतं. मी ठरवून टाकलं, तेवढे दिवस मी खडीवर जात नाही, पाणी मी आणते. पोरगी त्या दिवशी म्हातारीला धुताना गुणगुणत होती. मला लई बरं वाटलं.

पुढं मलाच आणायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मीच घागरी घेऊन मळ्यात गेले. मालकीणबाई, त्या पोरीची आई, विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. गड्यानं पोहरा वर ओढून बाजूला ठेवला. बाई हसतच म्हणाल्या, "पोरगी जिल्ह्याला चालली म्हणं तुझी. मग पाणी बी जिल्ह्यालाच माग की."

रिकाम्या घागरी घेऊन घरी आले. हे म्हणाले, "सरांना सांगू, हिच्या जागी त्यांचीच न्या." मी म्हणलं, "खबरदार. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरीन, पण पोरगी जाणार." अन् उकरलाच. सकाळपासून दुपारपर्यंत वाळू उपसली तेव्हा कुठं अर्धी कळशी गढूळ पाणी आलं. त्यात पिणार काय अन् धुणार काय? दोन दिवसांत घरात बसवेना असा वास सुटला. म्हातारी नुसती कण्हायची. थोरली सगळं बघत होती.

मी झिऱ्यावरून आले तर सर घरात बसलेले. मला म्हणाले, "पोरीचा पाय मुरगळला, तर मला सांगायचं न्हाई का?"

कोपऱ्यात थोरली बसली होती. घोट्याला हळद-चुन्याचा लेप, वर चिंधी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भेगेत अडकला, सर. उभं राहता येईना." सरांनी घोटा दाबून बघितला, मग दुसरा घोटा बघितला. दोन्ही सारखेच. त्यांनी चिंधी परत गुंडाळून दिली. मला ओरडून सांगायचं होतं की पोरगी खोटं बोलती. पण आतून म्हातारी कण्हत होती अन् माझी जीभ रेटेना. सर उठून गेले.

हिच्या जागी मळेवाल्यांची पोरगी लातूरला गेली. त्याच दिवशी थोरली मळ्यातून पाणी घेऊन आली. डोक्यावर घागरीवर घागर, काखेत कळशी, झपाझपा चालत. गड्यानं काठोकाठ भरून दिलं होतं. मी डोक्यावरची घागर उतरवून घेतली. विचारलं, "पाय कसा हाय गं?"

"कोणचा पाय?" म्हणाली, अन् कळशी घेऊन आजीला धुवायला आत गेली.