तिसरा पिंजरा

उंदराच्या पिल्लाला हात लावण्याआधी शोभाताई त्याच पिंजऱ्यातला मूठभर भुसा घेऊन तळव्यांवर खसाखसा चोळत. मग हात तोंडाजवळ नेऊन फुंकर घालत. "थंड्या हातानं नाई धरायचं. अन् आपला वास लागला त माय जवळ घेत नाई त्याले," असं आम्हा विद्यार्थ्यांना दर वेळी बजावत. अकोल्याच्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांच्या या सोहळ्याची यथेच्छ टिंगल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

ताई मूळच्या बाळापूरच्या. रसायनशास्त्र शिकून लग्न झालं. सासरी नवा गहू कोठीत भरताना कीड लागू नये म्हणून राखेत पारा मळून धान्याला चोळायचा रिवाज होता. पोटुशी असताना तो ताईंनीच मळला, उघड्या हातांनी. मीनू जन्मली, पण तिनं मान कधी धरलीच नाही. पाऱ्यामुळेच का, हे एकाही डॉक्टरनं ठामपणे सांगितलं नाही. ताईंना मात्र विचारायची गरज उरली नव्हती. "हेच हात व्हते. शिकेल व्हती ना मी! तरी असं कावून करता म्हनून पुसलं नाई," त्या म्हणत.

आमच्या प्रयोगात तीन पिंजरे होते. तिन्हींतल्या गाभण माद्यांना खाण्यातून पारा दिला जायचा. पहिल्या पिंजऱ्यात नुसता पारा, दुसऱ्यात पहिल्यापासून सोबत सेलेनियम, ते पाऱ्यावर उतारा ठरतं का हे पाहायला. तिसऱ्यात सेलेनियम दिलं ते पिल्लं जन्मल्यावर. हा तिसरा पिंजरा ताईंचा हट्ट होता. तो कुणासाठी, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या पिंजऱ्यातली पिल्लं तुरुतुरु पळू लागली, तेव्हा आम्ही पेढे आणले. ताईंनी पेढा हातातच धरून ठेवला. तिसऱ्या पिंजऱ्यातली पिल्लं पहिल्यातल्यांसारखीच मागचे पाय ओढत होती. "उशीर झाला का मंग काईच होत नाई," त्या पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या. इतका विझलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

अंगातला पारा तपासायचा तर पिल्लांना मारावं लागतं. तिसऱ्या पिंजऱ्याचं काम ताईंनी कुणाला करू दिलं नाही. तेव्हाही त्यांनी आधी भुसा चोळला, हात उबदार केले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तपासणीत दुसऱ्या पिंजऱ्यातल्या धडधाकट पिल्लांच्या अंगातही पारा निघाला, उलट थोडा जास्तच. सेलेनियमनं त्याला बाहेर काढलं नव्हतं, नुसतं जखडून ठेवलं होतं. ताईंनी आकडे पाहिले आणि काही दिवसांतच नोकरी सोडली.

परवा अमरावतीहून येताना त्यांच्या घरी गेलो. मीनू आता पंचविशीची आहे, खाटेवरच असते. तिला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिची कूस बदलण्याआधी ताईंनी तळवे एकमेकांवर घासले, फुंकर घातली. धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेलो, "ताई, तुमच्या कामामुळे पुढं कुणाची तरी लेकरं वाचतील. वेळेत सेलेनियम मिळालं तर..."

ताईंनी घाईघाईनं मीनूच्या कानावर हात ठेवला.

"हळू बोल बाप्पा," त्या म्हणाल्या. "तिले समजते."