साबण ओला होता

वापरला आहे असं वाटावं म्हणून साबण किती ओला करायचा, याचं एक गणित असतं. नुसते दोन थेंब टाकले तर ते वरच बसून राहतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. तर्जनी ओली करायची, साबणावरून तीन-चारदा फिरवायची, फेस धरला की तिथेच सोडायचा. मग डबीचं झाकण जरा आवाज करून लावायचं आणि ओलं बोट पंच्याच्या टोकाला पुसायचं. एवढ्या वेळात खरंच हात धुऊन होतात, हे मला ठाऊक होतं. पण पाणी लागायचं ते चमचाभर.

ही विद्या मी सव्वा वर्ष चालवली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हात धुण्याच्या सात पायऱ्या दरवर्षी पोरांना मीच शिकवतो, स्टेजवर उभा राहून, अंगठा वेगळा आणि नखं वेगळी. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

तर घरात आम्ही तिघं. आई, बायको आणि मी. सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, आणि आलं की घरातल्या भांड्यांपासून पिंपापर्यंत सगळं भरून घ्यायचं. आमच्या मोरीत दोन निळे बॅरल आहेत आणि त्या दोन्हींवर आईचं राज्य आहे. कुठल्या बॅरलमध्ये कुठवर पाणी आहे, हे ती झाकण न उघडता सांगते. बोटाच्या पेरानं बाहेरून टकटक करते आणि म्हणते, "परवा सकाळपतूर पुरंल. दाढी येकच डाव कर."

आई मोडनिंबकडची. तिच्या माहेरी पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचं. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला तिचा हिशोब एक तांब्या, आणि तो पायांवर. पाय धुतल्याशिवाय घरात आलेला माणूस तिला चोरापेक्षा वाईट वाटतो. हातांबद्दल तिचं फारसं म्हणणं नाही. जेवायच्या आधी चूळ भरताना हात आपोआप भिजतात, तेवढं तिला पुरे.

बायको कुर्डुवाडीची. तिचे वडील रेल्वेत होते आणि क्वार्टरमधल्या नळाला दिवसभर पाणी असायचं. नळ सोडून त्याखाली हात धरणं म्हणजे काय, हे तिला जन्मापासून माहीत. त्यात ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाच्या नखाखालून काय काय निघतं, हे ती रोज काचेखाली बघते आणि संध्याकाळी भाजी वाढताना आम्हाला सांगते. तिचा नियम एकच. बाहेरून आलं की हात, साबणानं, वीस सेकंद. पायांचं तिला काही पडलेलं नाही.

"पायानं कुणी जेवतं का, आई?" ती विचारायची.

"हातानं कुनी शेणातनं चालतं का?" आई विचारायची.

"आता शेण कुठंय रस्त्यावर?"

"तुज्या लॅबीत बसून दिसत न्हाई. हितं कोपऱ्यावर हाय की."

या दोघींमध्ये मी आणि एक तांब्या. त्याआधीची कित्येक वर्षं मी प्रामाणिक होतो, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. मी एक तोडगाही काढला होता. मोरीत वाकून उभं राहायचं, हात बरोबर पायांवर धरायचे आणि हातांवर ओतलेलं पाणी तसंच पायांवर पडू द्यायचं. एकाच पाण्यात दोन धर्म. मला वाटलं, दोघी कौतुक करतील. बायको म्हणाली, यात साबण कुठाय? आई म्हणाली, साबणाचं पाणी पायावर घेतलंस तर घसरून पडशील, आन पडलास तर तुला उचलंल कोन, आमी दोघी?

साबण लावला की तो काढायला दुसरा तांब्या लागतो. आणि दुसरा तांब्या घेतला की आतल्या खोलीतून आवाज येतो, "नदी आलीया जनू घरात." तेव्हा मी पाय खरे धुवायला लागलो आणि साबण खोटा. आईचा तांब्या वाचला, बायकोला ओला साबण मिळाला आणि घरात शांतता आली. फक्त एक अडचण होती. साबण झिजेना. महिना झाला तरी त्याच्यावरची अक्षरं वाचता यायची. बायको ती वडी हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघायची. आई मात्र खूष होती. "लई टिकतोय बग ह्यो साबण," ती म्हणायची. "फुडच्या खेपंला ह्योच आना."

मग आईच्या डोळ्याचं निघालं.

तिचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. घराचं सगळं बघणं त्या एका डोळ्यावर चाललेलं, आणि त्याच्यावरही साय धरलेली. शेंगा निवडताना खडा हाताला लागला तर लागला. दारात मी उभा आहे की शेजारचे, हे ती चपलांच्या आवाजावरून ओळखायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, घाबरायचं कारण नाही, पण हा एकच डोळा आहे, तेव्हा नंतरची काळजी तुमच्या हातात.

तुमच्या हातात, असंच म्हणाले ते. बायकोनं माझ्या हातांकडे बघितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. सूज होती म्हणून अजून धूसर दिसत होतं, पण उजेड भरपूर येतो म्हणाली. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते. बायकोनं कागदावर वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं. सकाळचे, संध्याकाळचे आणि झोपतानाचे थेंब तिचे. दुपारी एकचे माझे, कारण माझी शाळा सकाळची आणि ती तेव्हा लॅबमध्ये. माझ्या नावापुढे तिनं लाल पेनानं लिहिलं होतं: आधी हात. साबण. वीस.

"वीस शेकंद नळ सोडायचा म्हनं," आई पलंगावरून म्हणाली. "नळाला पानी असलं तर सोडील की."

पहिले तीन दिवस मी सरळ वागलो. सातही पायऱ्या केल्या. अंगठा वेगळा केला.

चौथ्या दिवशी पाणी यायला एक दिवस बाकी होता आणि दुसऱ्या बॅरलचा तळ दिसत होता. मी शाळेतून आलो, पाय धुतले आणि भुकेच्या तडाख्यात आधी जेवायला बसलो. कडक भाकरी, दही आणि उखळात कुटलेली शेंगाची चटणी. आमच्याकडची चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते. ती बोटांना लागते आणि बोटं चाटली तरी राहते. जेवण झालं, ताटातच दोन घोट पाण्यात बोटं बुचकळली, पंच्याला पुसली. तेवढ्यात एक वाजला.

मी मोरीत गेलो. तांब्या उचलला. आतून आई म्हणाली, "जपून रं, उद्यापतूर पुरवायचं हाय."

आणि माझ्या हातानं जे सव्वा वर्ष केलं होतं तेच केलं. तर्जनी ओली, साबणावरून तीन-चार फेऱ्या, झाकणाचा आवाज. मी ठरवून केलं असं म्हणत नाही. ठरवून केलं असतं तर निदान तेवढा विचार तरी केला असता.

पलंगाशी गेलो. आईनं चष्मा काढला, मान मागे केली. मी बोटानं खालची पापणी ओढली आणि वरून थेंब टाकला. थेंब अगदी बरोबर पडला. मला त्याचा अभिमानही वाटला, अर्धा सेकंद.

"आग व्हायलीय रं," आई म्हणाली. ओरडली नाही. चादरीचं टोक मुठीत धरून हळू म्हणाली, "लई आग व्हायलीय."

मी पहिल्यांदा बाटलीवरचं नाव वाचलं. नाव बरोबर होतं. मग माझ्या बोटाकडे बघितलं. नखाच्या कडेला एक लाल रेघ होती.

डोळ्यावर पाणी मारायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. तेवढं आठवलं हे नशीब, नाहीतर उरलेला बॅरल मी तिच्यावर ओतला असता. बायकोला फोन केला.

"हात धुतले होते?" तिनं विचारलं.

"हो."

"साबणानं?"

"साबण ओला आहे, पाहिजे तर येऊन बघ."

पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं वाक्य पुरतं. ती फक्त म्हणाली, "काय खाल्लं होतं?" मी सांगितलं. "डोळा चोळू देऊ नका. रिक्षा करा. मी दवाखान्यात पोचते."

रिक्षात आई एका हातानं गॉगल धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं माझा गुडघा. उजव्या डोळ्यातून धार लागलेली. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली की मी तिचं डोकं धरायचो, ते डाव्या हातानं. उजवा हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "थेंब कुणी टाकले? हात धुतले होते का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "धुतलं की. साबणानं धुतलं त्यानं. मी आवाज आयकला, डबीचा."

शाळेत पोरांच्या खोट्या सह्या मी बऱ्याच पकडल्यात. तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते मी बाहेरून बघितलेलं. आतून कसं वाटतं ते त्या बाकावर कळलं. ज्या बाईला नीट दिसत नव्हतं, ती माझ्या झाकणाच्या आवाजावर विसंबून राहिली होती, आणि तो आवाज मी मुद्दाम काढला होता.

आईला आत नेलं. बायको आली, लॅबचा कोट तसाच अंगावर. मी तिला सगळं सांगितलं, सव्वा वर्षाचं, बोट, फेरे, झाकण, पंचा. माझा उजवा हात उचलून तिनं नाकाजवळ नेला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटतं, ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "साबणाचं मला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या स्वतःपुरतं आहे."

डॉक्टरांनी डोळा धुतला, तपासला. तिखट पापणीच्या कडेला लागलं होतं, आत फारसं गेलेलं नव्हतं. तरी लाली आहे, दोन दिवसांनी परत दाखवा, तोवर काही नक्की सांगत नाही, म्हणाले. एकच डोळा आहे, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. माहीत नसल्यासारखं मी पुन्हा ऐकलं.

घरी आल्यावर मी आईच्या पलंगाशी बसून तिलाही सांगितलं.

"म्हंजे ती डबी नुसतीच वाजायची?"

"हो."

"आन मी म्हनत हुते, साबण लई टिकतोय." तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. मग म्हणाली, "मीच वरडले की, जपून, जपून म्हनून. पान्यापायी केलंस."

मी म्हटलं, पाण्यापायी नाही, आळसापायी केलं. ती म्हणाली, तसंबी असंल.

ते दोन दिवस मला काही सुचलं नाही. शाळेत सहावीच्या वर्गात एका पोरानं विचारलं, सर, हात धुताना अंगठा का वेगळा धुवायचा, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. घरी थेंब बायकोच टाकत होती. दुपारी जेवायच्या सुट्टीत रिक्षानं यायची, टाकायची आणि परत जायची. मी दारात पंचा धरून उभा राहायचो, निष्कारण.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी डोळा बघितला आणि म्हणाले, ठीक आहे, काही बिघडलेलं नाही. भिंतीवरच्या पाटीवरची चित्रं आईला विचारली. तिनं वरच्या सगळ्या ओळी सांगितल्या. खालच्या ओळीपाशी थांबली, तर मला वाटलं संपलं. पण ती पाटीकडे बघतच नव्हती. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे बघत होती.

"नखं काढ की," ती म्हणाली. "शाळंत असाच जातूस व्हय?"

डॉक्टर हसले. बायको पण हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

थेंब अजून दोन आठवडे होते आणि दुपारचे मला परत मिळाले, पण एका अटीवर. ती अट बायकोनं घातली नाही, आईनं घातली. एक वाजला की ती मोरीच्या उंबऱ्याशी पाट मांडून बसते, चष्मा कपाळावर ढकलते आणि तांब्या स्वतः धरते. मी पन्नाशीचा माणूस तिच्यापुढे उकिडवा बसतो, साबण लावतो, मोठ्यानं वीस मोजतो. चौदानंतर घाई केली तर ती म्हणते, "परत म्हन." साबण आता भराभर झिजतोय आणि आईला त्याचं काही वाटत नाही.

काल पाणी यायचं होतं ते आलं नाही. बॅरलमध्ये तळाशी तांब्या घासला की आवाज येत होता. मी हात पुढे केले आणि सवयीनं म्हटलं, "आई, थोडंच ओत, उद्यापर्यंत पुरवायचंय."

तिनं एक तांब्या ओतला. बोटं वर करून माझी नखं उजेडाला धरून बघितली, वाकून बॅरलमधून दुसरा काढला आणि तोही ओतला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी मनगटांवरून खाली माझ्या पायांवर पडलं.

"पायबी झालं," ती म्हणाली. "आता ये, डोळ्यात टाक."