गाडी शेपूट हलवते

अंबडला आमच्या गल्लीत राहणारे सिराजोद्दीनभाई नेमकं काय काम करतात, हे बरीच वर्षं कुणाला नीट माहीत नव्हतं. सकाळी हेल्मेट काखेत मारून निघायचे, संध्याकाळी धुळीनं माखून यायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "गाड्या चालवतो." ट्रक की टॅक्सी, असं पुढं विचारलं की नुसते हसायचे. त्यांच्या बायकोला, आमिनाभाभींना, एवढंच ठाऊक होतं की मोटारसायकल बाजारात यायच्या आधी कुणीतरी ती मोडेपर्यंत चालवून बघावी लागते, आणि तो कुणीतरी म्हणजे आपला नवरा.

सिराजभाईंचे वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. सिराजभाईंनी आयटीआय केलं आणि अंबडच्या एका गॅरेजात लागले. तिथं त्यांची एक सवय होती. गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी पाना हातात घ्यायच्या आधी गाडीवर बसून एक चक्कर मारून यायचे आणि मगच बोलायचे. मोटारसायकल बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस गाडी दुरुस्तीला घेऊन आल्ता, त्यानं ही सवय पाहिली. जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत कंपनीचा चाचणीचा ट्रॅक आहे. तिथं सिराजभाईंना नोकरी मिळाली.

मी सांगतो ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कंपनीनं तोवर साध्या, रोज कामाला जायच्या गाड्या बनवल्या होत्या. आता त्यांना परफॉर्मन्स क्रूझर काढायची होती. क्रूझर म्हणजे बुटक्या सीटची, लांबलचक, पाय पुढं सोडून ऐसपैस बसायची गाडी. ती निवांत चालवायची असते. पण हिच्यात मोठं, दोन सिलिंडरचं इंजिन होतं आणि मूठ पिळली की ती उधळल्यासारखी पळायची. "खाटेवर बसायचं अन् घोड्यासारखं पळायचं," असं सिराजभाई तिचं वर्णन करायचे.

एवढं मोठं इंजिन थरथरतं. ती थरथर हातापायाला लागू नये म्हणून ते सरळ सांगाड्याला न आवळता जाड रबरांवर बसवलं होतं. मागचं चाक ज्या दांड्यांवर फिरतं त्या दांड्या मात्र इंजिनलाच जोडलेल्या होत्या. त्यामुळं साखळी सरळ रेषेत राहते आणि जागाही वाचते. ही सगळी मांडणी प्रियदर्शनी नावाच्या इंजिनियर बाईंची. त्या पिंपळगाव रेणुकाईच्या. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण रागावल्या की गावचं तोंडात यायचं.

मार्च महिना होता, रमजान चालू होता. ऊन चांगलंच तापलं होतं. एक दिवस दुपारी सिराजभाई लांब सरळ पट्ट्यावर असताना गाडीचं मागचं अंग डावी-उजवीकडे हलायला लागलं. त्यांनी मूठ सोडली, वेग कमी झाला, हलणं थांबलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. दोन-चार फेऱ्यांनी आपोआप गेलं.

"मॅडम, गाडी शेपूट हलवून राह्यली," त्यांनी येऊन सांगितलं. "टायरच असणार, बिलकुल."

टायर बदलला. दुसऱ्या दुपारी पुन्हा हललं. मेकॅनिकांनी गाडी आत घेतली, बेअरिंगं पाहिली, चाकं पाहिली, एकूण एक बोल्ट आवळला. काही सापडलं नाही. मग बबलू नावाचा दुसरा चालक तीच गाडी घेऊन ट्रॅकवर गेला. पूर्ण वेगात फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "एकदम लोण्यासारखी चालती. काहीच न्हाई."

चाचणी विभागाचे मॅनेजर राधेश्यामजी जालन्याचेच. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सिराजभाईंना बाजूला घेतलं.

"भाई, दिवसभर पाण्याचा थेंब न्हाई, वरून हे ऊन. चक्कर आल्यासारखं होत असंल. रोजे संपेपर्यंत तुम्ही आतच बसा. काही झालं तर जबाबदारी माझी आहे."

"साहेब, बारा वर्षांचा होतो तवापासून रोजे धरून राह्यलो. रोज्यात चक्कर कधीच आली न्हाई."

"तरी पण."

सिराजभाई वाद घालायच्या स्वभावाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसले. आपल्याच हाताखाली शिकलेला बबलू बाहेर चकरा मारतोय आणि आपण पंख्याखाली, हे त्यांना फार लागलं. त्याहून लागलं ते वेगळंच. आपण खोटं बोलतो असं कुणी म्हणालं नव्हतं, पण आपल्या अंगाला कळलेलं कुणी खरं धरायला तयार नव्हतं.

संध्याकाळी इफ्तारच्या आधी आमिनाभाभींनी त्यांच्या शर्टकडे पाहिलं. "आज कपडे साफ कैसे?"

त्यांनी सांगितलं. भाभी फळं चिरत होत्या. चिरता चिरताच म्हणाल्या, "बिठाए तो बैठो. लेकिन रोज जाओ. घर बैठे तो सबको लगेगा के वोच सच है."

ते रोज गेले.

इकडं प्रियदर्शनी मॅडमना चैन नव्हतं. पुढं त्यांनी स्वतःच मला सांगितलं की सिराजभाई चुकीचे असावेत असंच त्यांना मनातून वाटत होतं, कारण ते बरोबर असतील तर मांडणी चुकली होती. पण इतक्या वर्षांत या माणसानं नसलेला दोष कधी सांगितला नव्हता. शेवटी खुर्ची ओढून त्या त्यांच्यासमोर बसल्या.

"सिराजभाई, गाडी हलली त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते सांगा. काहीच सोडू नका."

सिराजभाई सांगत गेले. सकाळच्या फेऱ्या, पेट्रोल, पुन्हा फेऱ्या, मग जोहरची, म्हणजे दुपारची नमाज.

"नमाजला गाडी कुठं लावता?"

"शेडपाशी, बाहेर उन्हात. इंजिन बंद करतो, हातपाय-तोंड धुऊन वजू करतो, नमाज पढतो अन् निघतो. वीसेक मिनिटं."

"अन् हलली ती नमाजच्या आधी का नंतर?"

 हा विचार सिराजभाईंनी केलाच नव्हता. "नंतर. दोन्ही दिवशी नंतरच."

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. पळत्या गाडीच्या इंजिनला वारा लागत असतो. तापलेली गाडी उन्हात बंद करून ठेवली की वारा थांबतो आणि आतली सगळी उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणजे त्या रबरांमध्येही. गाडी पळताना रबरं तापत नसतील एवढी ती उभी असताना तापत असतील. मऊ पडलेल्या रबरावर इंजिन आडवं हलणार, आणि मागचं चाक तर इंजिनलाच जोडलेलं. दोन-चार फेऱ्यांत वारा लागला की रबरं पुन्हा थंड होणार. बबलूनं गाडी नेली तेव्हा ती सकाळभर आत, थंड उभी होती.

त्याच दिवशी दुपारी रबरांना उष्णता मोजायच्या तारा लावल्या. बबलूनं आधी फेऱ्या मारून गाडी तापवली आणि शेडपाशी आणून बंद केली. सिराजभाईंनी वजू केलं, रोजच्यासारखी नमाज पढली. नमाज झाल्यावर म्हणाले, "जा आता. अन् हलली तर ब्रेक मारू नको, मूठ हळू सोड."

दुसऱ्याच फेरीला बबलू परत आला. हेल्मेट काढलं तर चेहरा उतरलेला. "भाई, हलली. तुम्ही सांगितलं नसतं तर ब्रेक मारला असता अन् पडलो असतो," तो म्हणाला. तारांवरचे आकडेही मॅडमच्या अंदाजाप्रमाणंच निघाले.

"मंग आता?" सिराजभाईंनी विचारलं.

"मंग काय, माझं मला निस्तरावं लागंल," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

रबर कडक केलं तर थरथर अंगाला लागणार होती. बरेच दिवस खटपट करून त्यांनी इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये एक छोटा आडवा दांडा बसवला, दोन्ही टोकांना गोल सांधे असलेला. त्यामुळं इंजिनला वरखाली थरथरायला मुभा राहिली, आडवं हलायला नाही. तोवर ईद होऊन गेल्ती. नव्या दांड्याची गाडी पहिल्यांदा सिराजभाईंनीच चालवली, आणि दर वेळी तापवून, उन्हात बंद ठेवून. शेपूट हललं नाही. उन्हात थांबून पुन्हा निघायचं, हे तेव्हापासून तिथल्या प्रत्येक गाडीच्या चाचणीत आलं.

राधेश्यामजी एकदा चहाच्या टेबलावर म्हणाले, "भाई, मी रोज्याचं बोललो ते..."

"जाऊ द्या साहेब. फक्त पुढं कुणाला असं बोलू नका."

ते नाही बोलले पुन्हा.

गाडी बाजारात आली त्या दिवशी पुण्यात मोठा कार्यक्रम झाला. सिराजभाई त्या दिवशी ट्रॅकवर वेगळ्याच गाडीवर होते. पुढं काही महिन्यांनी ते मुलीला, अर्शियाला, जालन्याच्या कॉलेजातून आणायला गेल्ते. पेट्रोल पंपावर तीच क्रूझर उभी होती, गडद लाल रंगाची. सिराजभाई तिच्याभोवती फिरून बघायला लागले. मालक तरुण होता, खुशीत होता. "काका, मारायची का एक चक्कर?"

सिराजभाईंनी पुढच्या चौकापर्यंत नेली आणि आणली. चाचणीच्या गाडीवर आरशात स्वतःची कोपरंच दिसायची. या गाडीचे आरसे बदलले होते, मागचा रस्ता दिसत होता, ते त्यांना आवडलं.

"कशी वाटली?" मालकानं विचारलं.

"छान आहे. जरा जपून चालवा," असं म्हणून त्यांनी चावी दिली आणि आपल्या जुन्या स्कूटरला किक मारून कॉलेजच्या रस्त्याला लागले.