झाकण नसलेला कॉम्प्युटर

रविवार, ७ डिसेंबर. हजर: बाबा, धाकटी बहीण, मी. गैरहजर: माझे यजमान, कंपनीच्या कामासाठी होसूरला. विषय: धाकटीसाठी कॉम्प्युटर.

माझ्या वहीत नोंद अशीच आहे. चेन्नईत, अंबत्तूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं खरेदी विभागात काम करते. बैठक झाली की कोण होतं, काय ठरलं, कोणी काय करायचं, हे लिहून काढल्याशिवाय मला उठवत नाही. घरीही तीच सवय लागली आहे.

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नोव्हेंबरात ती सोलापूरहून, सासरहून, एका पिशवीनिशी आली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांना प्लास्टर होतं. बोटं दारात सापडली, असं तिने तिथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं. मला खरं सांगायला तिला चार दिवस लागले. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन क्लास करत होती. आमटी गरम करायची राहिली होती. नवऱ्याने येऊन लॅपटॉपचं झाकण खाली दाबलं. तिची बोटं आत होती. मग त्याने त्यावर भार दिला.

म्हणून त्या रविवारी मी पहिल्याच ओळीत ‘लॅपटॉप की डेस्कटॉप’ असं लिहिलं, तेव्हा तिने वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही.

“झाकण असलेलं काही नको.”

मी लॅपटॉपवर काट मारली.

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना काचबिंदू आहे. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. त्यांचा मुद्दा एकच होता.

“संक्रांतीनंतर तिकडची माणसं न्यायला येणार म्हणालीत. मुलगी शिकतेय, तिचं काम सुरू झालंय, असं मला छातीठोक सांगता आलं पाहिजे. नुसती बसून आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

“संक्रांतीआधी कॉम्प्युटर टेबलावर असेल,” मी म्हणाले आणि तसं लिहिलंही. जबाबदारी: मी.

नुंगंबाक्कमच्या एका संस्थेत तिला सहा महिन्यांच्या वर्गात जागा मिळाली होती. वर्ग पोंगलनंतर सुरू होणार होते. संस्थेने घरच्या सरावाला काय लागेल ते कळवलं होतं, त्यावरून मी यादी केली. प्रोसेसर असा, की चित्र पडद्यावर आणायची सोय त्याच्यातच असेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड शिकणाऱ्याला लागत नाही. मदरबोर्ड, पुढे भर घालता येईल असा. रॅम बत्तीस जीबी, कारण एका कॉम्प्युटरच्या पोटात आणखी दोन कॉम्प्युटर चालवून बघायचे होते. साठवणीला एसएसडी. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस. आणि यूपीएस, कारण आमच्या भागात वीज सांगून जात नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी रिची स्ट्रीटला, कॉम्प्युटरच्या बाजारात, गेलो. पहिल्याच दुकानात तिथल्या माणसाने विचारलं, “गेमिंगला का, अक्का?” बोलणं तमिळमध्येच चाललं होतं.

“शिकायला.”

“मग आत दिवे लागणारं कॅबिनेट नको?”

“दिवे घरात आहेत,” धाकटी म्हणाली. आल्यापासून तिने केलेली ती पहिली थट्टा. तो माणूसही हसला आणि तिने मागण्याआधीच त्याने सात-आठ कीबोर्ड काउंटरवर मांडले.

प्लास्टर निघालं होतं, पण करंगळीशेजारचं बोट वाकत नव्हतं. एस, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं त्या बोटाची. फोनला बाहेरचा कीबोर्ड जोडून तिने घरी एकदा प्रयत्न केला होता. प्रत्येक ओळीतून एस गळत होता, आणि प्रोग्रॅममध्ये एक अक्षर गळलं की सगळंच अडतं. ती एकेका कीबोर्डवर ते बोट टेकवत गेली. पाचव्यावर थांबली. त्याची बटणं इतकी हलकी होती की बोट नुसतं ठेवलं तरी अक्षर उमटेल.

“हा,” ती म्हणाली.

किरकोळ वस्तूला आमच्या खात्यात कोटेशन लागत नाही. कीबोर्ड मी तिथेच घेतला. बाकीच्या यादीचं लेखी कोटेशन मागितलं, महिनाभर मुदतीचं.

“अक्का, कॉम्प्युटर घेताय की पूल बांधताय?” तो म्हणाला. “रॅमचा सकाळचा भाव हल्ली संध्याकाळी राहत नाही. महिन्याचं काय लिहून देऊ? सगळा माल आहे. अर्ध्या तासात जोडतो, ऑटोत ठेवून देतो. घरी जाऊन सुरू करा.”

“घेऊ या ना, ताई,” धाकटी हळूच मराठीत म्हणाली.

“एकच दुकान बघून? तीन कोटेशनं तरी हवीत.”

बाहेर आल्यावर उसाचा रस घेत ती म्हणाली, “माझ्या लग्नाच्या वेळी तीन कोटेशनं घेतली असतीस तर बरं झालं असतं.”

ते खरंच होतं. तिच्यासाठी पहिलंच स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर मराठी. मद्रासमध्ये वाढलेल्या, आपापसात निम्मं तमिळ बोलणाऱ्या मुलीला मराठी घर मिळतंय, यातच सगळे खूश. सोलापूरला चौकशीला कोणी गेलं नाही. मी तेव्हाही खरेदीतच होते. बोल्टच्या पुरवठादाराचा कारखाना बघायला मी कोइंबतूरला गेले होते. सोलापूरला गेले नाही.

तेव्हा या वेळी सगळं नीट पारखून घ्यायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. तिला तसं बोलून दाखवलं नाही.

रिची स्ट्रीटवाल्याने त्या दिवसापुरते भाव लिहून दिले होते. दुसरं कोटेशन तांबरमच्या एका दुकानातून आलं. तिसरं द्यायचं होतं आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या पुरवठादाराने. आमच्या ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर त्याच्याकडूनच येतात, माणूस चोख. पण त्याने शबरीमलैचं व्रत धरलं होतं. काळी लुंगी, गळ्यात माळ. “वीस तारखेनंतर, मॅडम. डोंगरावरून उतरलो की पहिलं तुमचंच काम,” असं सांगून तो गेला. मी त्याच्या नावापुढे ‘प्रतीक्षेत’ असं लिहिलं.

मधल्या काळात मी निम्मं काम पुढे नेलं. ज्या वस्तूंचे तिसरे भाव ऑफिसच्या जुन्या कागदांवरून मिळाले, त्या घेतल्या: कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएसडी. राहिले रॅम, एसएमपीएस, मॉनिटर आणि यूपीएस. रॅम तर रोज चढत होती. उतरेल म्हणून मी थांबले. ती उतरली नाही.

“ताई, जे मिळेल ते घे,” धाकटीने दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी जरा चिडूनच म्हणाले, “घाईचं काय होतं ते बघितलंय आपण.” त्यानंतर तिने विचारलं नाही.

तिला मी मागची खोली दिली होती. टेबलावर रिकामं कॅबिनेट, बाकीचे खोके खाली. ती सकाळी प्रोग्रॅम वहीत पेन्सिलने लिहायची. नंतर तासभर कीबोर्ड पुढे घेऊन तेच टाइप करायची. कीबोर्ड कशालाही जोडलेला नसायचा. बोटाला वळण लागावं म्हणून, असं ती म्हणायची. एस कितीदा उमटला असता आणि कितीदा नाही, ते तिला आवाजावरून कळायचं म्हणे.

तो आवाज बाहेर बाबांपर्यंत जायचा. कॉम्प्युटर सुरू झाला, असं त्यांनी धरून चाललं. आम्ही कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, आणि नाही असंही सांगितलं नव्हतं. सामान येतंय, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

शनिवार, २७ डिसेंबर. हजर: बाबा, धाकटी, तिची सासू, तिचे थोरले दीर. उशिरा हजर: मी.

तिरुपतीला दर्शनाला आले होते, तिथूनच इकडे आले. फोन नाही, काही नाही. माझी त्या दिवशी ड्यूटी होती. संध्याकाळी सुटल्यावर मी त्या पुरवठादाराकडे थांबले. तो डोंगरावरून आला होता आणि बोलल्याप्रमाणे त्याने पहिलं माझंच कोटेशन तयार ठेवलं होतं. ते पर्समध्ये घालून मी घरी आले तेव्हा दारात चार अनोळखी चपला होत्या.

आधीचं मला नंतर बाबांनी सांगितलं. ते पहिल्यांदा ठाम बोलले होते. “मुलगी आता नाही येणार. तिचं शिक्षण सुरू झालंय. रोज सकाळी कॉम्प्युटरवर असते, मी ऐकतो ना.” दीर म्हणाले, “वा, बघू तरी.” आणि बाबा स्वतः उठून, भिंतीला हात लावत, त्यांना मागच्या खोलीपर्यंत घेऊन गेले.

मी आत गेले तेव्हा दीर टेबलाशी उभे होते. त्यांच्या हातात कीबोर्डच्या वायरचं टोक होतं.

“हे कुठे लावायचं?” ते धाकटीला विचारत होते. आवाज चढा नव्हता. कॅबिनेटची बाजू उघडीच होती. त्यांनी आत डोकावून बघितलं. “आत तर काहीच नाही. काका, तुम्ही काय ऐकत होता?”

बाबांनी दाराच्या चौकटीला धरलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, पण सगळं कळलं होतं. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळले.

“जोडलेला नाही?”

“सोमवारी रॅम येईल,” मी म्हणाले. “तिसरं कोटेशन आत्ताच मिळालंय.”

हे वाक्य मी त्या खोलीत उभं राहून बोलले.

“आमचं उद्याचं रिझर्वेशन आहे,” दीर म्हणाले. “तिघांचं.”

सासूबाई मऊपणे बोलत होत्या. तिरुपतीचा लाडू त्यांनी आधीच धाकटीच्या हातावर ठेवला होता. “एवढा खटाटोप कशाला गं पोरी? घरी लॅपटॉप आहेच की. तोच वापर. तो आता काही बोलणार नाही, मी सांगितलंय त्याला.”

धाकटीने लाडू टेबलावर ठेवला. मी तिच्याकडे बघत होते, ती बाबांकडे. बाबांनी एवढंच म्हणायचं होतं की ती जाणार नाही. दोन मिनिटांपूर्वी त्यांनी ते म्हटलंही होतं. आता तेच पुन्हा म्हणायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं. “तू ठरव, बाळ,” ते म्हणाले आणि चाचपडत खुर्चीकडे गेले.

“मी सांगते त्यांना,” मी तिला बाजूला घेऊन म्हणाले. “आत्ता रिची स्ट्रीटला जाऊ. तो अर्ध्या तासात जोडून देतो म्हणाला होता.”

“ताई, राहू दे. आता ते काय कॉम्प्युटर बघायला थांबलेत?”

दुसऱ्या दिवशी सेंट्रल स्टेशनवर तिने माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली. कीबोर्ड नेला नाही. मी पिशवीत घातला होता, तो तिने काढून टेबलावर ठेवल्याचं घरी आल्यावर दिसलं.

सोमवारी रॅम आली. त्या आठवड्यात बाकीचंही सगळं आलं. ऑर्डर मी रद्द करू शकले असते, केली नाही. खोके मागच्या खोलीत ओळीने ठेवले आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. संस्थेचा फोन आला. पुढच्या तुकडीत जागा ठेवता येईल म्हणाले, पण होकार विद्यार्थ्याने स्वतः कळवायला हवा. मी तिला ते कळवलं. तिने अंगठ्याची खूण पाठवली.

बाबा त्यानंतर त्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. “तुम्ही दोघींनी मला सांगायला हवं होतं. नाही जोडलेला, तर नाही. मी वेगळं काही बोललो असतो.” ते वेगळं काय बोलले असते, ते मी विचारलं नाही.

आधी धाकटी रोज मला फोनवर एक-दोन ओळी तरी लिहायची. आता पंधरा दिवस झाले, ती लिहीत नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवते, तोही आखडता, मागे टीव्ही चालू. टाइप का करत नाहीस, असं मी विचारलं. “हात मोकळा नसतो गं,” म्हणाली. व्हिडिओ कॉल लावला तर फोन कपाटाला टेकवून लांब उभी राहते.

काल मी वहीत नवं पान घेतलं. विषय: सोलापूरला जाऊन तिला घेऊन येणे. बोटांचा एक्स-रे इथे माझ्याकडेच आहे, तो सोबत घ्यायचा. वकीलबाईंशी बोलून झालं. यजमान यायला तयार आहेत. बाबांजवळ शेजारच्या मामी थांबतील. रजा मंजूर आहे. सोयीच्या गाड्या तीन. त्यांच्या वेळा मी एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत.

तिकीट अजून काढलेलं नाही.