हंसाबेनच्या ताटातली नानखटाई

नरक चतुर्दशीला दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं... तेही एका नानखटाईमुळे. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा रडायची वेळ आली होती.

परळहून मीरा रोडला आलो त्याला तीन वर्षं झाली. इथे नया नगरमध्ये एक छोटी बेकरी आहे. दिवाळीच्या आधी आजूबाजूच्या बायका घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घेऊन तिथे जातात, बेकरीतल्या लांब टेबलाशी उभं राहून नानखटाई वळतात आणि ट्रे भट्टीवाल्यांच्या ताब्यात देतात. दुसऱ्या दिवशी खोक्यात भरलेली तयार नानखटाई न्यायची. खोक्यावर पेनाने आपल्या बिल्डिंगचं नाव लिहिलेलं असतं.

यंदा मीही पहिल्यांदा गेले. ऑफिसमधून हाफ डे घेऊन, दोन किलोचं सामान उचलून... वळल्या, वर पिस्त्याचे काप दाबले आणि फार मोठा तीर मारल्यासारखी घरी आले.

आता हंसाबेनबद्दल. आमच्या समोरच्या दाराच्या. जैन, सत्तरीच्या, बोलायला गोड, पण खाण्यापिण्याचं फार कडक. गेली दोन वर्षं मी फराळाचं ताट देतेय, त्या हसून घेतात... आणि एकदा माझ्याच चकल्या त्यांच्या कामवाल्या मावशींच्या पिशवीत पाहिल्या. मनाला लागलं होतं. खोटं कशाला बोलू.

तर त्या सकाळी मी चकल्या तळत होते आणि ताटं भरायचं काम नवऱ्याकडे होतं. बेकरीतून खोकं तोच घेऊन आला होता. त्याने भरलेलं ताट रुमाल झाकून मी समोर नेलं आणि दारातच सांगून टाकलं, "नानखटाई खास तुमच्यासाठी. एकदम मेरे हाथ की, अंडा बिलकुल नहीं."

हंसाबेननी रुमाल उचलला. जरा वेळ बघत राहिल्या. मग एक नानखटाई उचलली आणि माझ्यासमोर, तिथेच उभ्या राहून खाल्ली. "बहुत सरस," म्हणाल्या. मी अक्षरशः तरंगत घरी आले.

दुपारी चहाबरोबर मी स्वतः एक घ्यायला गेले... तर वर चारोळी.

मी खोकं उलटंपालटं केलं. सगळ्यांवर चारोळी. पिस्ता औषधालाही नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत तू काय लावलं होतंस? खोक्यावर आपल्या बिल्डिंगचं नाव होतं, आणलं."

म्हणजे ही नानखटाई कुणाची तरी दुसऱ्याचीच. त्यात काय घातलंय, देव जाणे. त्या बेकरीत वर्षभर अंड्याचे केक होतात, हे मला माहीत होतं... आणि मी त्या माऊलीला छातीठोक सांगून खाऊ घातलं होतं. आयुष्यभर पाळलेलं व्रत माझ्या शब्दावर मोडलं असेल तर? चहा तसाच टाकून रिक्षा पकडली.

बेकरीचे मालक गल्ल्यावर होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम, पहले बैठो. दिवाली के आठ दिन हमारे यहाँ अंडा अंदर आता ही नहीं. केक बंद, अंडेवाला बिस्किट बंद. भाऊबीज के बाद शुरू."

मी विचारलं, आणि बायका घरून आणतात त्यात असलं तर?

"सामान मैं खुद देख के लेता हूँ. अब्बा के टाइम से ऐसा ही है. सबके ट्रे एक ही भट्टी में जाते हैं ना."

मी तिथल्या स्टुलावर बसले ती पाच मिनिटं उठलेच नाही. इतकं हलकं वाटत होतं... सणाच्या ऐन गर्दीत केक विकत नाहीत, आणि याचा दुकानात कुठे साधा बोर्डसुद्धा नाही. मी घाबरून गेले नसते तर मला कळलंही नसतं.

अंड्याची भीती गेली, पण "माझ्या हातची" ही थाप उरलीच होती. घरी न जाता सरळ हंसाबेनची बेल वाजवली आणि खरं काय ते सांगून टाकलं.

त्या एवढ्या हसल्या की दाराला धरून उभ्या राहिल्या. "अरे, वो तो मेरी ही नानखटाई थी. मेरी बहू हर साल वहीं बनाने जाती है."

एकच बिल्डिंग, एकच विंग... खोक्यांची अदलाबदल झाली होती. रुमाल उचलल्याबरोबर त्यांनी स्वतःची चारोळी ओळखली होती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"आप इतना खुश दिख रहे थे, कैसे बोलती?"

मग आत जाऊन त्या माझं खोकं घेऊन आल्या. वरच्या थरातल्या तीन नानखटाया गायब होत्या. मला वाटलं, चुकून खाल्ल्या असतील, आपल्या समजून. पण त्या म्हणाल्या, सकाळी पिस्ता बघून कुणाची तरी दुसऱ्याची आहे म्हणून खोकं तसंच ठेवलं होतं. मी ताट देऊन गेले तेव्हा त्यांना कळलं की ही माझी आहे.

"आपके जाने के बाद खाई," हंसाबेन म्हणाल्या. "आपकी है, ये पता चला तभी खाई."